गळ्यात काही नको

जानेवारी लागला की सिरसाळ्यात दोन गोष्टी बरोबरीनं सुरू होतात. रानात ज्वारीच्या कणसात चीक भरतो आणि शाळाशाळांच्या पटांगणात कर्णे बांधले जातात. मग सकाळी चहाचं आधण ठेवल्यापासून कुठल्या तरी वर्गाची कुठल्या तरी गाण्यावर तालीम चालू असते. गाणं मध्येच तोडलं जातं, माईकवर कुणीतरी "अरे रांग! रांग धरा बे!" असं खेकसतं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आमच्याकडे हा गॅदरिंगचा मोसम. स्नेहसंमेलन हा शब्द निमंत्रणपत्रिकेपुरता. मी उभा जन्म मराठी शिकवण्यात घालवला, तरी तो शब्द माझ्याही तोंडात कधी बसला नाही.

काल दुपारी संक्रांतीचे तीळ वाळत घालायला गच्चीवर गेले होते. खाली अंगणातल्या तारेवर पांढरे कुडते वाळत होते. लहान लहान, ओळीनं लावलेले, बाह्या खाली लोंबणारे. ते माझेच पाहुणे. दर शनिवार-रविवारी माझ्या पुढच्या खोलीत नाचाचा क्लास भरतो आणि पोरी आपले पांढरे कपडे हक्कानं माझ्या तारेवर टाकून जातात. वारा सुटला होता. करडईच्या रानावरून येणारा तो कोरडा, टोचणारा वारा. तीळ सुपातच राहिले आणि मी कठड्याला टेकून त्या कुडत्यांकडे बघत बसले. काही काही हिवाळे अंगातून जातच नाहीत. माझ्या अंगात राहिलेला हिवाळा हा असा पांढरा आहे.

तेव्हा मी नोकरीत होते. दोन्ही मुलं शिकायला बाहेर गेली होती आणि घराची पुढची खोली आ वासून रिकामी पडली होती. सोफ्यावर चादर, चादरीवर धूळ. परळीच्या एक मॅडम नाच शिकवायला गावात जागा शोधताहेत असं कळलं, तेव्हा मी विचार न करता हो म्हणून टाकलं. भाड्याचं आमचे हे बघणार होते. मला फक्त त्या खोलीत कुणाचे तरी पाय वाजायला हवे होते. शिकवणार होत्या त्या कथक. गावात कथक म्हणजे काय हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. पण पोरी सुट्टीच्या दिवशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात त्यापेक्षा बरं, एवढ्या विचारावर बऱ्यापैकी पोरी जमल्या.

मॅडम तरुण होत्या, काटक, बोलायला मऊ आणि नियमाला कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी पोरींना आणि त्यांच्या आयांना समोर बसवून सांगितलं. पांढरा कुडता, पांढरी सलवार. पांढरी ओढणी खांद्यावरून तिरपी घ्यायची आणि कमरेला गाठ मारायची. केसांची एकच घट्ट वेणी. हातात बांगडी नको, ती फुटते आणि काच पायात जाते. पायात पैंजण नको, घुंगरांचा आवाज समजत नाही. नखांना रंग नको. गळ्यात काही नको, गिरकी घेताना ते उडतं. प्रत्येक नियमाला कारण होतं आणि कारण पटण्यासारखं होतं. तरी आया एकमेकींकडे बघत होत्या. मलाही, खरं सांगायचं तर, फार टापटीप माणसांचा थोडा रागच येतो. पण जागा माझी असली तरी क्लास त्यांचा होता, म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

पांढऱ्या कापडाची खरी गंमत पुढेच झाली. सिरसाळ्याच्या बाजारात हिरवं, लाल, जांभळं, टिकल्याटिकल्यांचं हवं तेवढं कापड मिळतं. पांढरं मात्र एकाच जातीचं मिळतं, ते म्हणजे पुढाऱ्यांचं. कडक, खळ घातलेलं, इस्त्री केली की उभं राहणारं. दुसरं पांढरं आमच्याकडे खपतच नाही. सगळ्या आयांनी त्याच ताग्यातलं कापड फाडून घेतलं. टेलरनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "बाई, निवडणूक लागली का काय? समद्या पोरीच उभ्या राहायल्यात वाटतं!" एका मेंबरच्या बायकोनं तर नवऱ्याचे जुने कुडतेच लेकीच्या मापाचे करून घेतले. पहिल्या आठवड्यात त्या पोरी भिंतीशी रांगेनं मांडी घालून बसल्या, तेव्हा तालुक्याची बैठकच भरल्यासारखं दिसत होतं. हात वर केला की कापड कडकड वाजायचं. मॅडम तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

आणि आमच्या गावात पांढरं पांढरं राहणार कसं? परळीकडून राखेच्या गाड्या येतात, वीटभट्ट्यांकडे जातात. वारा असला की रस्त्याच्या कडेच्या बोरीबाभळीसुद्धा पिठात लोळल्यासारख्या दिसतात. वस्तीवरच्या पोरी रानातून चालत यायच्या. हरभऱ्यातून आलं की त्याच्या पानांवरची आंबट आंब लागायची आणि गुडघ्यापाशी पिवळे डाग पडायचे. खिशात हुरडा, दप्तरात बोरं. मग आयांनीच तोड काढली. पोरी कुडता पिशवीत घालून आणायच्या आणि माझ्या मागच्या खोलीत बदलायच्या. त्या खोलीला त्या हिवाळ्यात एक वेगळाच वास यायचा. खोबरेल तेल, नीळ, भाजलेल्या कणसाचा धूर, आणि थंडीनं उललेल्या पायांना चोळलेलं कोकम. अजून कुठे कोकमाचा वास आला की मला घुंगरू ऐकू येतात.

म्हाताऱ्यांची तक्रार वेगळीच होती. एक आजी तर काठी टेकत थेट मॅडमच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "लेकराच्या अंगाला पांढरं कावून? घरात कोन गेलंय का?" मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नाच दाखवला. आजी जाताना म्हणाली, "नाच बरा हाय. पर ओढणीला एक लाल बोट तरी वढा." मॅडमनी ऐकलं. ओढणीच्या काठाला आतल्या बाजूनं, दिसेल न दिसेल असा, एकेक लाल टाका घालायची मुभा दिली. तो एक टाका घालायला आजीबाईंमध्ये चढाओढ लागली.

शिवकन्या ही आमच्या शेजारच्या अप्पांची नात. अप्पांचं किराणा दुकान आमच्या भिंतीला लागूनच. घर लिंगायतांचं. कपाळाला भस्म लावल्याशिवाय अप्पा दुकानाचं दार उघडत नसत, आणि दार उघडलं की पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत तोंडानं काहीतरी पुटपुटत बसत. नात चौथीत होती. बारकी, काळीसावळी, बोलायला फटकळ. पण पाय असे, की मॅडमनी एकदा बोल म्हणून दाखवला की तो तिच्या तळव्यांत जाऊन बसायचा. दुकानात तराजू धरून उभी असतानासुद्धा तिचे पाय खाली वाजत असायचे. अप्पा म्हणायचे, "गिऱ्हाईक इचारतंय, अप्पा, साखर नाचून देणार का तोलून?" तिच्या नाचाचं त्यांना फार कौतुक होतं. तोंडानं कधी कबूल करायचे नाहीत.

त्या श्रावणात मठातल्या महाराजांच्या हातून शिवकन्येची दीक्षा झाली होती. गळ्यात शिवदोरा आला होता आणि त्यात अडकवलेली चांदीची इवलीशी डबी. त्या डबीत तिचं इष्टलिंग. ते एकदा गळ्यात आलं की अंगावेगळं करायचं नाही. झोपेत नाही, आंघोळीत नाही, पूजेला घ्यायचं तेही तळहातावरच. शिवकन्या सुरुवातीला सारखी कुडत्याच्या गळ्यातून आत बघायची. मी विचारलं तर म्हणाली, "हाय का बघती बाई." दिवाळीपर्यंत ते तिच्या अंगाचंच झालं.

मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. डबी कुडत्याच्या आत असायची, तत्कार, म्हणजे जागच्या जागी पायांचे ठेके, करताना जागची हलायची नाही. नाताळच्या आसपास त्यांनी चक्कर शिकवायला घेतली. चक्कर म्हणजे जागच्या जागी घेतलेली वेगाची गिरकी. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला पोरींचा नाच ठेवायचं ठरलं होतं आणि शेवटच्या गिरक्यांना शिवकन्या सगळ्यांच्या पुढे उभी राहणार होती. तिनं पहिलीच गिरकी अशी घेतली की मी दारात हातातली परात धरून बघत राहिले. दुसऱ्या गिरकीला डबी गळ्यातून उसळून बाहेर आली, हवेत गरगरली आणि तिच्या ओठावर आपटली. ओठातून रक्त आलं.

मॅडम धावल्या. ओढणीच्या टोकानं त्यांनी तिचा ओठ पुसला आणि मायेनंच म्हणाल्या, "लागलं ना? म्हणून सांगते गळ्यात काही नको. काढ बरं ते."

"न्हाई."

"अगं, तासाभरापुरतं. तिकडे खिडकीत ठेव, सगळ्या ठेवतात तसं."

शिवकन्या डबी मुठीत घट्ट धरून उभी राहिली. तिच्यासारख्या तोंडाळ पोरीनं एक शब्द बोलू नये, याचंच मला भय वाटलं.

"मग मला तुला चक्कर देता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्या डोळ्याला लागलं तर?"

तिनं खाली बसून घुंगरू सोडले, फडक्यात गुंडाळले, शिकवल्याप्रमाणे जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि गेली. डोळे भरले होते, पण दार ओलांडेपर्यंत तिनं ते पुसले नाहीत.

पोरी पांगल्यावर मी मॅडमना सांगितलं, ते लॉकेट नव्हतं. त्या मटकन खाली बसल्या. "मी खिडकीत ठेवायला सांगितलं ताई," एवढंच दोनदा म्हणाल्या. मला वाटलं, झालं, आता त्या तिला परत बोलावतील. पण चहा संपेपर्यंत त्यांचा चेहरा पुन्हा घट्ट झाला होता. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हाला वाटत असेल ही बाई नियमाला चिकटते. मी लहान असताना आमच्या क्लासला कपड्यांचा नियम नव्हता. कुणाचे जरीचे कपडे, कुणाची सोन्याची साखळी. माझा बहिणीचा जुना फ्रॉक. कार्यक्रम आला की बाई मला मागच्या रांगेत उभं करायच्या. नाच चांगला होता माझा. तरी मागे. शेवटी आईनं क्लास बंद केला, तिला ते बघवेना. तेव्हाच ठरवलं होतं, मी शिकवीन तेव्हा सगळ्या सारख्या दिसतील. आज शिवकन्येचा दोरा चालला तर उद्या माळ येईल, परवा साखळी येईल. मग साखळीवाली पुढे आणि बिनसाखळीची मागे."

मला त्यांचाही राग येईना. पांढरा कुडता म्हणजे नुसती टापटीप असं मी धरून चालले होते. त्याच्या आत एक मागच्या रांगेत उभी केलेली पोर होती, हे मला त्या दिवशी कळलं.

खिडकीचा विषय मात्र तिथेच थांबला नाही. माझ्या मागच्या खोलीच्या खिडकीत दर क्लासला पोरींच्या गळ्यातल्या वस्तू ओळीनं काढून ठेवलेल्या असायच्या. एक तुळशीची माळ, एक ताईत, तीनचार काळे दोरे, एक वाघनखासारखं काहीतरी. क्लास सुटला की आपापलं उचलायचं, घालायचं आणि घरी जायचं. मॅडमचं 'गळ्यात काही नको' आयांनी सर-साखळीपुरतं धरलं होतं; हेही काढलं जातं याचा घरी कुणाला पत्ताच नव्हता. शिवकन्येनं काढायला नकार दिला ही बातमी गावभर झाली आणि मग प्रत्येक आईनं आपल्या लेकीला विचारलं, "तू काढून ठिवती व्हय गं?"

पुढच्या रविवारी पोरींच्या आधी आयाच हजर. एक म्हणाली, "माळकरी हाय हो आमची पोरगी. माळ काढून कसं चालंल?" ताईतवाली म्हणाली, "बाळपनी लई आजारी पडलती. दर्ग्यावरून आणलाय, तवापासून धड हाय." तिसरीचं नुसतं, "नजर लागती हो तिला." कुणी भांडायला आली नव्हती. पण सगळ्यांच्या आवाजात एकच धास्ती होती. मी त्या खिडकीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला ते दागिने वाटले नाहीत. लेकरू घराबाहेर पडताना आईला त्याच्याबरोबर जाता येत नाही, म्हणून ती काहीतरी गळ्यात बांधून पाठवते. ते आपण रविवार-रविवार धुळीच्या खिडकीत ठेवत होतो.

मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, पण नियम तसाच राहिला आणि पोरींच्या गळ्यातलं खिडकीतच.

मी अप्पांकडे गेले. बाजारचा दिवस होता, दुकानात गर्दी. पोत्यावर बसून शिवकन्या शेंगदाण्याची फोलं फुंकत होती. मी आडून आडून म्हटलं, "अप्पा, तासाभरापुरती काही सवलत असते का तुमच्यात?"

अप्पांनी तराजू खाली ठेवला. "बाई, सवलत कसली? श्वासाला सवलत असती का? पर ते तिच्या गळ्यातलं हाय, माझ्या न्हाई. मी तिला काढ बी म्हणणार न्हाई आन नाच सोड बी म्हणणार न्हाई. तिलाच इचारा."

मी तिच्याकडे वळले. ती आधीच तयार होती.

"मॅडम माझ्यावर रागावल्यात का?"

"नाही गं."

"मंग मी हे काढणार न्हाई. आन नाच बी सोडणार न्हाई."

"अगं, दोन्ही कसं जमायचं?"

"ते मला कावून इचारता? मोठ्यांनी बघायचं ना ते."

गिऱ्हाईकं हसली, अप्पा हसले. मला हसू आलं नाही. गॅदरिंग तोंडावर आलं होतं आणि मोठ्यांपैकी कुणाला काही दिसत नव्हतं.

पुढच्या शनिवारी क्लास सुरू झाला. मी अंगणात वाळवण उचलत होते. बघते तर शिवकन्या फाटकातून आत आलेली. पांढरा कुडता, तिरपी ओढणी, घट्ट वेणी, सगळं नियमाप्रमाणे. ती उंबऱ्याच्या अलीकडे, अंगणातल्या फरशीवर उभी राहिली आणि घुंगरू बांधू लागली.

"इथं काय करतीस?"

"मॅडमचा नियम आत हाय. अंगण तुमचं हाय ना, बाई?"

"माझंच आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वाळवण उचलून मी तिला जागा करून दिली.

आतून बोल यायचे आणि बाहेर तिचे पाय पडायचे. थंडीनं फरशी बर्फ झालेली. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. आतल्या पोरी माना वळवून बघायच्या. मॅडमची पाठ दाराकडे होती आणि त्या वळल्या नाहीत. पण मी आयुष्यभर वर्ग घेतलेली बाई आहे. कुणाचा आवाज कुठपर्यंत पोचवायचा असतो ते मला कळतं. मॅडमचा आवाज त्या दिवशी खोलीपुरता नव्हता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांनी आल्या आल्या दाराची दोन्ही कवाडं सताड उघडून दगड लावून ठेवली. म्हणाल्या, "उजेड कमी पडतो." आता त्या दाराकडे तोंड करून उभ्या होत्या आणि दक्षिणेचं ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होतं.

असं ते चाललं. अंगणातली एकटी आणि खोलीतल्या बाकीच्या, मध्ये उंबरा. मॅडम आणि शिवकन्या, दोघींपैकी कुणी तो ओलांडला नाही. अप्पा दुकानातून उठून भिंतीवरून एकदा डोकवायचे आणि परत जायचे. मला दोघींचाही लळा लागला होता आणि दोघींनाही हलवता येत नव्हतं. स्वयंपाकात माझं मीठ चुकायला लागलं होतं.

मग गिरक्यांचा दिवस आला. आतल्या पोरींच्या चालल्या होत्या आणि मॅडम दाराकडे तोंड करून उभ्या होत्या, टाळी देत. अंगणात शिवकन्येनं गिरकी घेतली. एक, दोन, सलग. डबी उडाली नाही. मॅडमची टाळी थांबली. आतल्या पोरी एकमेकींवर आपटल्या. मॅडम चालत आल्या आणि उंबरा ओलांडून अनवाणी अंगणात उतरल्या.

"परत घे."

शिवकन्येनं घेतली. उजवा हात शिकवल्याप्रमाणे बाहेर फिरत होता. डावा हात पसरण्याऐवजी तिनं छातीवर, बरोबर डबीवर दाबून धरला होता. तळवा सपाट, कोपर उचललेलं. त्या एका हातानं तिची गिरकी लहान आणि नेटकी झाली होती. जणू ती स्वतःच्या भोवती फिरत नव्हती, हाताखाली जे होतं त्याच्या भोवती फिरत होती.

"हा हात कुणी शिकवला?"

"कुनीच न्हाई. उडतंय म्हणून धरलं." मग घाबरून, "चुकलं का?"

मॅडमनी तिच्यासमोर उभं राहून स्वतः डावा हात छातीवर ठेवला आणि एक गिरकी घेतली. मग दुसरी. त्यांच्या गळ्यात काहीही नव्हतं. थांबल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी शिवकन्येचा हात धरला आणि तिला उंबऱ्याच्या आत नेलं.

"आजपासून चक्कर घेताना सगळ्यांचा डावा हात इथं," त्यांनी आतल्या पोरींना सांगितलं. "गळ्यात जे असेल ते कुडत्याच्या आत. माझं लक्ष नाही, कुणीच बघायचं नाही, विचारायचं नाही. फक्त ते बाहेर दिसता कामा नये आणि उडता कामा नये. ज्यांच्या गळ्यात काही नाही त्यांनीसुद्धा हात इथंच ठेवायचा. सगळ्या सारख्या."

माळवाली पोरगी तशीच मागच्या खोलीत पळाली आणि खिडकीतली माळ घालून आली. तिच्या मागे बाकीच्या. त्या दिवसानंतर माझी ती खिडकी रिकामी राहिली. मी तिथे कोथिंबिरीची कुंडी ठेवली.

गॅदरिंगची ती दुपार मला अजून हातात धरल्यासारखी आठवते. पटांगणात मांडव, पुढे सतरंज्या, कडेला बोरं आणि उसाच्या गंडेऱ्या विकणाऱ्या बायका. समोरच्या खुर्च्यांवर पाहुणे, कडक पांढऱ्यात. स्टेजवर पोरी, त्याच ताग्यातल्या पांढऱ्यात. ज्या अप्पांनी लग्नकार्याशिवाय कधी भर दिवसा दुकान बंद केलं नव्हतं, ते सर्वात मागे, बांधकामाच्या विटांवर बसले होते. मी बोलावलं तरी पुढे आले नाहीत.

शेवटच्या गिरक्या आल्या. शिवकन्या पुढे, बाकीच्या मागे. सगळ्यांचे डावे हात एकदम छातीवर गेले आणि पांढरे घेर एकदम फुलले. खळीच्या कापडाचा आवाज मागच्या विटांपर्यंत आला असेल. मी स्टेजच्या कडेला उभी होते. तिच्या बोटांखाली काय आहे हे मला माहीत होतं. बाकीच्यांच्या हातांखाली काय आहे तेही. आया पुढे बसल्या होत्या, त्यांनाही माहीत होतं. कुणाची माळ होती, कुणाचा ताईत, कुणाचं नुसतं हाडकुळं छातीचं हाड. वरून सगळं सारखंच दिसत होतं. मी पदर तोंडाला लावला आणि रडले, लाज न बाळगता.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की, छातीवर हात ठेवून या चिमुकल्यांनी देशाविषयीची भावना फार सुंदर दाखवली. टाळ्या पडल्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी मांडवाच्या कापडाकडे बघितलं. नाही तर मोठ्यानं हसले असते.

अप्पा कार्यक्रमानंतर मॅडमपाशी आले. हातात खडीसाखरेचा पुडा होता. म्हणाले, "मॅडम, मला नाचातलं कळत न्हाई. पर तेवढा हात लई बरा बसवलाय तुमी." मॅडम म्हणाल्या, "मी नाही अप्पा, तुमच्या नातीनं." अप्पांनी मान हलवली, पुडा त्यांच्या हातात दिला आणि दुकान उघडायला गेले. चालताना त्यांचा डावा हात सदऱ्यावर, छातीपाशी होता. तो नेहमीच तिथे असायचा की त्या दिवशीच, हे मी कधी बघितलं नव्हतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. अप्पा गेले. शिवकन्या लातूरला शिकते, सुट्टीत आली की माझ्या अंगणात उभी राहून नव्या पोरींच्या चुका काढते आणि मॅडम तिला ओरडतात. मॅडमच्या केसांत पांढरं आलंय. खोली तीच, कुडते तेच, कापड अजून पुढाऱ्यांचंच. दर हिवाळ्यात नव्या पोरी येतात, नव्या आया येतात. खिडकीची गोष्ट आता कुणाला माहीत नाही आणि मीही सांगत बसत नाही.

काल तीळ घेऊन खाली उतरले तेव्हा एक नवी पोरगी अंगणात एकटीच गिरकी घोटत होती. वीटभट्टीकडची, पहिली-दुसरीतली असेल. कुडता मापापेक्षा मोठा, गळा खांद्यावरून घसरलेला. त्या उघड्या गळ्यात काहीच नव्हतं, साधा दोरासुद्धा नाही. डावा हात मात्र छातीवर गच्च दाबलेला.

मला राहवलं नाही. "हात कावून गं तिथं धरतीस?"

ती थांबली. एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं.

"न्हाई धरला तर पडंल ना, बाई."

"काय पडंल?"

तिनं हात जरासा उचलला, मान वाकवून कुडत्याच्या आत बघितलं, थोडा विचार केला आणि हात घाईनं पुन्हा जागेवर ठेवला.

"असतंय काहीतरी," ती म्हणाली आणि गिरकी घेतली.